स्वित्झर्लंडचे डोंगर रेल्वेने: चार दिवसांसाठी कोणता पास घ्यावा?

मे महिन्याच्या सुट्टीत चार-पाच दिवस स्वित्झर्लंडला जायचे ठरले की एजंट पहिल्या फोनवरच स्विस ट्रॅव्हल पास पुढे करतो. पास वाईट नाही, पण प्रत्येक घराला तो परवडतोच असे नाही. आधी मुक्काम कुठे करायचा ते ठरवा, पासचा हिशेब त्यानंतर.

स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 सलग दिवसांचा मिळतो. त्यावर रेल्वे, बस, तलावातल्या बोटी आणि शहरातल्या ट्राम चालतात, शिवाय 500 हून अधिक म्युझियम. रिगीच्या डोंगरावर जायला वेगळे तिकीट लागत नाही. बहुतेक डोंगरी गाड्यांवर अर्धी सूट मिळते. युंगफ्राउयोख मात्र याला अपवाद. तिथे पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट जाता येते, पुढच्या चढावर सूट फक्त 25 टक्के.

दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड. ते महिनाभर चालते. फुकट काहीच नाही, पण रेल्वे, बस, बोट सगळे अर्ध्या दरात, आणि युंगफ्राउयोखसुद्धा अर्ध्यातच. 2024 मध्ये हे कार्ड 120 फ्रँकला होते आणि सेकंड क्लासचा चार दिवसांचा पास 295 फ्रँकला. दर वर्षाला बदलतात, तेव्हा ताजे दर पाहूनच आकडेमोड करा. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखचे जाऊन-येऊन पूर्ण तिकीट उन्हाळ्यात 200 फ्रँकच्या वर जाते. म्हणजे 2024 च्या दराने ही एकच फेरी कार्डाचे बहुतेक पैसे वसूल करून देत होती.

माझे मत असे: एकाच खोऱ्यात राहून एक मोठा डोंगर करायचा असेल तर हाफ फेअर. रोज नवे गाव, ल्युझर्नची बोट, रिगी, बर्न अशी भटकंती असेल तर पास. ग्लेशियर एक्स्प्रेससाठी पास असला तरी सीटचे रिझर्व्हेशन वेगळे भरावे लागते, हे एजंट बहुधा सांगत नाही.

मुलांचे काय? सहा वर्षांखालील मुले फुकट. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आई-वडिलांच्या पास किंवा कार्डासोबत फॅमिली कार्ड मोफत मिळते, पण ते मागून घ्यावे लागते. आणि सोबत अब्बा किंवा अम्मी हवेत. मामू, खाला किंवा दादीबरोबर पाठवलेल्या मुलांना ते लागू नाही. आपल्याकडे एकत्र जाणारी घरे जास्त, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. काही डोंगरी कंपन्यांचे मुलांसाठीचे नियम वेगळे असतात, तेही बघा.

मुक्कामासाठी लाउटरब्रुनेन किंवा वेंगेन सोयीचे. वेंगेनला मोटारी जातच नाहीत, सामान रेल्वेतूनच न्यायचे. झुरिक विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून इंटरलाकेन ओस्ट सव्वादोन तासांच्या आसपास, आणि पुढे डोंगरी गाडी. ही गाडी वाटेत दुभागते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय चढू नका, नाहीतर मुले एका खोऱ्यात आणि बॅगा दुसऱ्यात.

युंगफ्राउयोखचे तिकीट घरूनच काढायची घाई नको. वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. सकाळी शिखरावरचा वेबकॅम बघा, आकाश मोकळे असेल तरच निघा. स्टेशनची उंची 3454 मीटर आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

जेवणाचा प्रश्न येतोच. त्या देशात बेशुद्ध न करता जनावर कापायला 1893 पासून बंदी आहे, त्यामुळे तशा पद्धतीचे हलाल मटण बाहेरून येते आणि डोंगरातल्या गावात सहज मिळत नाही. किचन असलेला फ्लॅट घ्या. भात, अंडी, भाजी कोऑप किंवा मिग्रोसच्या दुकानातून आणा. मसाले घरून न्या. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच भरून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत पासचे पैसे भरू नका. पास मोबाइलवर चालतो, पण तपासनीस पासपोर्ट मागतो, तो वरच्या खिशात असू द्या.