बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया आणि मधुमेह

अतिस्थूलता कमी करण्यासाठी जठर व लहान आतड्यावर करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियेचा टाइप २ मधुमेहावर होणारा परिणाम. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून तिथे ही शस्त्रक्रिया मधुमेहावरचा उपाय ठरत नाही. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा बराचसा भाग कापून काढतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

अमेरिकेतील ग्रीनव्हिलचे सर्जन वॉल्टर पोरीझ यांनी १९९५ मध्ये बायपास केलेल्या ६०८ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती. अनेकांच्या बाबतीत ती वजन फारसे घटण्याआधी, थोड्याच दिवसांत उतरली, हे अधिक विलक्षण. सुरुवातीला रुग्ण घोटघोट पातळ पदार्थच घेतो. त्यामुळे यकृतातली चरबी घटते आणि यकृत रक्तात साखर कमी सोडते. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते, तिथून जेवणानंतर जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर स्रवते आणि स्वादुपिंड वेळेवर इन्सुलिन सोडते. तरी सारे श्रेय आतड्याला देता येत नाही. २०२० च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात निव्वळ आहाराने तेवढेच, सुमारे १८ टक्के, वजन उतरवलेल्यांची साखरही बायपासवाल्यांइतकीच सुधारली. मात्र एवढे वजन आहाराने उतरवून टिकवणे फार थोड्यांना जमते, आणि शस्त्रक्रियेचे खरे बळ इथेच आहे.

क्लीव्हलँडमधील चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के, तर नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के होते.

मधुमेह कायमचा गेला, असे मात्र रुग्णाला सांगू नये. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त अवस्थेत होते, दहा वर्षांनी ३६ टक्केच उरले. मधुमेह जुना असेल, इन्सुलिन चालू असेल, तर यशाची शक्यता कमी. म्हणून शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती उशिरा करण्यात तोटा आहे. भारतीयांसह आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. त्यामुळे २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत त्यांच्यासाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने खाली आणली असून, औषधांनी साखर आटोक्यात येत नसल्यास २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

घरी सोडतानाच इन्सुलिन व गोळ्यांचे डोस नव्याने ठरवावे लागतात, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. साखर नॉर्मल राहिली तरी डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व पाय यांची नियमित तपासणी चालूच ठेवतात.