बेकारीचे तीन आकडे

देशात बेकार किती, या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देणे निरर्थक होय, असे सरकारनेच नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने १९७० साली स्पष्ट सांगितले, आणि तिचे अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला होते.

त्यापूर्वी नियोजनाच्या दप्तरातील हिशेब फार सुटसुटीत होता. मागील योजनेअखेर शिल्लक उरलेल्या बेकारांत नव्याने कामाच्या वयास येणाऱ्यांची भर घालावी, नव्या योजनेतून निघणारी कामे वजा करावीत आणि बाकी पुढे ओढावी. या रीतीने दुसऱ्या योजनेच्या आरंभी ५३ लाख आणि तिसऱ्या योजनेच्या आरंभी सुमारे ९० लाख बेकार निघाले. आकडे जमाबंदीच्या कागदासारखे नेटके होते, पण ज्या मूळ रकमेवर ही बेरीज-वजाबाकी चालली होती तीच संशयास्पद होती. दुसरा आधार रोजगार विनिमय केंद्रांचा. ही केंद्रे १९४५ साली निघाली ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांची सोय लावण्यासाठी. पुढे ती सर्वांना खुली झाली, तरी तेथील नोंदवहीत नाव घालणारा बहुधा शहरातला, थोडाबहुत शिकलेला, आणि कित्येकदा नोकरीत असूनच बरी नोकरी शोधणारा असे. खेड्यातला भूमिहीन मजूर त्या कचेरीत आपली बेकारी दाखल करावयास जाईल, अशी अपेक्षा कोणी गंभीरपणे केली असेल असे वाटत नाही.

समितीपुढील खरी अडचण याहून खोल होती. इंग्लंडात गिरणी बंद पडली म्हणजे कामगार भत्त्यासाठी नाव नोंदवितो आणि त्याची मोजदाद आपोआप होते. परंतु चार एकर कोरडवाहू जमीन पाच जण मिळून कसतात, त्या घरात बेकार कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण पेरणी-काढणीच्या दिवसांत पाचही जणांचे हात अपुरे पडतात, उन्हाळ्यात पाचांनाही काम नसते, आणि विचारले तर पाचही जण शेती करतो म्हणून सांगतात. शिवाय रिकामे बसावयासही पदरी काही असावे लागते; ज्याच्या घरची चूल आजच्या मजुरीवर पेटते तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने पत्करतो आणि कोष्टकात कामकरी ठरतो. सुशिक्षितांत बेकारी अधिक आणि दरिद्री वर्गात कमी, हा आपल्या आकडेवारीतील वरकरणी विपरीत देखावा यातूनच उत्पन्न होतो.

समितीच्या विवेचनास अनुसरून राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीत तीन मापे लावली. वर्षाचा अधिक काळ माणसाने काय केले, हे पहिले. गेल्या सात दिवसांत निदान तासभर तरी काम मिळाले काय, हे दुसरे. आणि तिसऱ्यात त्या सातांपैकी प्रत्येक दिवसाचे दोन अर्ध करून (चार तास वा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, एक तासापासून चारांच्या आत म्हणजे अर्धा) माणसांऐवजी दिवसांचीच बेकारी मोजली. त्याच वर्षी, त्याच देशात, पहिल्या मापाने बेकारी दोन टक्क्यांच्या आत आली आणि तिसऱ्याने आठांच्या पुढे गेली.

योगायोग असा की या फेरीच्या वेळीच महाराष्ट्र मोठ्या दुष्काळात होरपळत होता. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. व्याख्येप्रमाणे ती सारी कामावर होती, आणि तरीही त्या हजेरीपटांइतका बेकारीचा बोलका पुरावा दुसरा नव्हता. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेने, जिचा कायदा १९७७ साली झाला, मोजणीचा क्रमच उलटा केला: जो अंगमेहनतीचे काम मागावयास येईल तो बेकार, मग पाहणीदाराची वही काहीही म्हणो. शास्त्रज्ञास ही कसोटी ओबडधोबड वाटेल. मला ती तिन्ही मापांहून प्रामाणिक वाटते, जरी पदवीधर तिच्यात सहसा सापडावयाचा नाही.

आज वृत्तपत्रांतून सर्वाधिक ऐकू येते ते दुसरे माप. २०१७ साली सुरू झालेल्या आवधिक श्रमबल सर्वेक्षणाचे पत्रक २०२५ पासून दर महिन्यास निघू लागले आहे. त्यातील बेकारीचा दर साप्ताहिक असतो, आणि सात दिवसांत एकच तास काम मिळालेला मजूर त्यात बेकार म्हणून धरला जात नाही.