क्ष-किरणतज्ज्ञाची नजर आणि संगणकाचा पडदा

बडोदे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ साली सुरू झाले, तेव्हा क्ष-किरणचित्र म्हणजे उजेडाच्या पेटीवर लावलेली फिल्म असे. १९९३ च्या डायकॉम मानकामुळे निरनिराळ्या यंत्रांवरील चित्रे एकाच पडद्यावर पाहणे सुलभ झाले. वाचनाची रीत मात्र तीच राहिली : जुने चित्र नव्याशेजारी ठेवून तुलना करणे. म्हणून संगणकाने दोन्ही चित्रे आपोआप शेजारी मांडावीत आणि अहवाल तोंडी सांगण्याची सोय द्यावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुफ्फुसातील गाठी शोधणाऱ्या २४ पैकी २० तज्ज्ञांना सीटी चित्रांत मुद्दाम घातलेला गोरिला दिसला नाही. इतक्या गुंतलेल्या नजरेला बटणे शोधायला लावणे रुग्णाला महागात पडू शकते.