परक्या राजांनी जपलेला शाहनामा

तूसच्या फिरदौसीने १०१० साली शाहनामा पुरा केला. अरबांनी सासानी राज्य बुडवून साडेतीन शतकं उलटली होती. विद्वत्ता बरीचशी अरबीत गेली होती. अशा वेळी त्याने इस्लामपूर्व इराणी राजांच्या कथा सुमारे पन्नास हजार बैतांत, म्हणजे द्विपदींत, फारसीत बांधल्या. काव्य अर्पण केलं गझनीच्या महमूदाला. हो, सोमनाथवाल्यालाच. तो वंशाने तुर्क.

पोथीत चित्रं आली ती खूप नंतर. आज हाती असलेल्या सचित्र प्रती १३०० च्या सुमारापासूनच्या, आणि त्या काळी इराणवर राज्य मंगोलांचं! ज्यांनी खुरासानची शहरं उजाड केली, त्यांचेच वारस शाहनामा रंगवून घेऊ लागले. त्या चित्रांतले इराणी वीर अनेकदा मंगोल पोशाखात दिसतात. मला यात भक्तीपेक्षा हिशोब जास्त दिसतो. तलवारीने मुलूख मिळतो, पण जमशेद-फरीदून या शाहनाम्यातल्या राजांच्या रांगेत बसायला पोथी लागते.

या कलेचा कळस तबरीझला झाला, सफवी शाह तहमास्पच्या चित्रशाळेत. ७५९ पानं, २५८ चित्रं. लेखनिक जागा सोडून मजकूर लिही, मग त्या जागेत चितारी उतरे. सुलतान मुहम्मदने रंगवलेला गयूमर्तचा दरबार पाहावा: पहिला राजा, भोवती बिबट्याचं कातडं पांघरलेली माणसं, आणि खडकांत नीट निरखलं तर दडलेले चेहरे. पुढे शाहचं मन चित्रांवरून उडालं. चितारी मीर सय्यद अली हुमायूनकडे आला आणि मुघल चित्रकलेच्या पायाभरणीत त्याचा हात लागला. पोथी मात्र १५६८ मध्ये तुर्की सुलतान दुसऱ्या सलीमला नजर झाली.

अखेर तिचा घात केला तो एका पुस्तकसंग्राहकाने. आर्थर हॉटन या अमेरिकनाने १९५९ मध्ये ती घेतली, पानं सुटी केली, ७८ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि आणखी कितीतरी विकली. जे तुर्की सुलतानांनी कधी केलं नाही, ते या रसिकाने केलं.

उरलेली ११८ चित्रं १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर इराणच्या ताब्यात आली. मोबदल्यात इराणने विलेम डी कूनिंगचं एक स्त्रीचित्र दिलं. इस्लामी क्रांतीनंतर ते तेहरानमध्ये टांगता येत नव्हतं. गयूमर्तचा दरबार मात्र परतला नाही. तो आगा खानांच्या संग्रहात, टोरांटोला आहे.