वेग आधी की उत्तर आधी?

मंडळी, कंपायलर कुठला निवडायचा, हा प्रश्न लिनक्सपेक्षा जुना आहे. 1957 साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान आणली, तेव्हा लोकांची शंका एकच: यंत्राने तयार केलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगाने धावेल का? धावला. तेव्हापासून आपण कंपायलर घड्याळ लावूनच जोखतो.

पण बेरीज कुठल्याही क्रमाने करा, उत्तर तेच, हा शाळेतला नियम संगणकात टिकत नाही. 1 वर 16 शून्ये अशा संख्येत 1 मिळवा, मग तीच संख्या वजा करा. नेहमीच्या 64 बिटांत उत्तर 0. मोठ्या संख्यांची वजाबाकी आधी केली, तर 1! 1985 च्या आयईईई 754 मानकाने प्रत्येक क्रियेचं उत्तर कसं बसवायचं ते ठरवलं. क्रम कंपायलरच्या हाती राहिला. जीसीसी सांगितल्याशिवाय तो बदलत नाही. इंटेलचा कंपायलर वेगासाठी मुळातच ती मुभा घेतो.

म्हणून आपण आधी उत्तर ठाऊक असलेलं गणित दोन्हींवर चालवावं, उत्तरं ताडून पाहावीत आणि मगच घड्याळ लावावं. वादळाचा अंदाज लवकर हवाच. पण तो कुठल्या बेरजेवर उभा आहे, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.