गरोदरपण आणि प्लास्टिकमधील रसायने: बाळाच्या वाढीवर काय परिणाम होतो?

टपरीवरून पिशवीत बांधून आणलेला गरम चहा, प्लास्टिकच्या डब्यातून ऑफिसला नेलेली आमटी, त्याच डब्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला भात. या गोष्टींची आपल्याला इतकी सवय झाली आहे की गरोदरपणात त्यांचा वेगळा विचार करावा, हे सुचतही नाही. दुसरीकडे, मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून काही गर्भवतींची झोप उडते. म्हणूनच संशोधनातून काय समजले आहे आणि घरात नेमके काय बदलावे, ते पाहू.

ही रसायने कोणती?

- थॅलेट्स: पीव्हीसीसारखे प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरतात. काही परफ्यूम, नेलपॉलिश आणि सुगंधी प्रसाधनांतही असतात.
- बिस्फेनॉल-ए (बीपीए): कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये, डबाबंद अन्नाच्या पत्र्याच्या आतील लेपात आणि दुकानातील थर्मल कागदाच्या बिलांवर आढळते.

अन्न गरम, तेलकट किंवा आंबट असेल तर ही रसायने त्यात अधिक प्रमाणात उतरतात. म्हणजे थंड, कोरड्या डाळीची बरणी आणि उकळत्या सांबाराची पिशवी यांत मोठा फरक आहे.

बाळापर्यंत ती कशी पोहोचतात?

आईच्या रक्तातून वारेमार्गे ती गर्भापर्यंत जाऊ शकतात. बाळाला अन्न आणि ऑक्सिजन वारेतूनच मिळतो. ही रसायने शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. बीपीए हे इस्ट्रोजेनसारखे वागते, तर काही थॅलेट्स पुरुष संप्रेरकांचे काम कमी करतात. वारेत सूज वाढणे आणि तिच्या रक्तवाहिन्या नीट न घडणे हेही संभाव्य परिणाम मानले जातात. वारेचे काम मंदावले, तर बाळाची वाढ मंदावू शकते.

अभ्यासांत काय आढळले?

अमेरिकेतील १६ अभ्यासांची, म्हणजे ६,०४५ गर्भवतींची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांच्या लघवीत काही थॅलेट्सचे अंश जास्त होते, त्यांच्यात ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याची शक्यता साधारण १२ ते १६ टक्क्यांनी जास्त दिसली. याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा १०० पैकी १० प्रसूती वेळेआधी होत असतील, तर ती संख्या ११ च्या आसपास जाते. एका स्त्रीसाठी ही वाढ लहान आहे, पण लाखो प्रसूतींचा विचार केला तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

जन्मवजनाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत वजन थोडे कमी आढळले, काहींत फरक दिसला नाही. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली, असे सिद्ध होत नाही. तरीही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची सुरक्षित मर्यादा पूर्वीपेक्षा २०,००० पटींनी खाली आणली.

दिलासा देणारी बाब

ही रसायने शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत. बहुतांश भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. अमेरिकेत ५ कुटुंबांतील २० जणांना फक्त ३ दिवस डबाबंद आणि प्लास्टिकमध्ये न बांधलेले ताजे अन्न दिले, तेव्हा त्यांच्या लघवीतील बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. त्यामुळे तुम्ही सातव्या महिन्यात असाल, तरी आजपासून केलेला बदल उपयोगी आहे.

घरात काय बदलावे?

- गरम चहा, आमटी, भाजी प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात घेऊ नका. पार्सल आणायला स्टीलचा डबा न्या.
- मायक्रोवेव्हसाठी काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरा.
- लोणचे, तेल, तूप काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा.
- कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पाणी अशा कपात १५ मिनिटे ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले. स्टीलचा पेला बरा.
- ओरखडे पडलेले, पिवळे झालेले डबे गरम पदार्थांसाठी वापरू नका.
- चूल किंवा बंब पेटवताना प्लास्टिकची पिशवी जाळू नका. हा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे.

केवळ ‘बीपीए-मुक्त’ लिहिलेले पाहून निश्चिंत होऊ नका. बीपीएऐवजी अनेकदा त्याच कुळातील दुसरे रसायन वापरलेले असते.

काय करू नये?

लघवीतील प्लास्टिकच्या रसायनांची तपासणी करून घेऊ नका. तिच्यावरून तुमच्या बाळाबद्दल काहीही ठरवता येत नाही. ‘डिटॉक्स’ची चूर्णे घेऊ नका. सलाइनची नळी प्लास्टिकची आहे म्हणून उपचार नाकारू नका.

बाळाचे वजन कमी राहण्यामागे रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, अपुरा आहार, तंबाखू आणि मिश्री ही कारणे कितीतरी मोठी आहेत. लोहाच्या गोळ्या चुकवून स्टीलचा डबा विकत घेण्यात अर्थ नाही. मिश्री लावत असाल तर ती आधी बंद करा.

आणि घरच्यांसाठी एक विनंती: बाळ कमी वजनाचे झाले तर ‘तू बाहेरचे खाल्लेस म्हणून’ असे आईला ऐकवू नका. एका बाळाबाबत असे कारण कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- बाळाची हालचाल कमी झाल्यास
- अंगावरून रक्त किंवा पाणी गेल्यास
- ३७ आठवड्यांपूर्वी पोटात ठरावीक अंतराने कळा आल्यास
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास

बाळाची वाढ नीट होते आहे का, हे पोटाच्या मापावरून आणि गरज पडल्यास सोनोग्राफीवरून कळते. म्हणून ठरलेली एकही तपासणी चुकवू नका.