सकलातवाला, शापुरजी दोराबजी

(२८ मार्च १८७४ – १६ जानेवारी १९३६). ब्रिटिश संसदेतील कम्युनिस्ट सदस्य. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. शिक्षण सेंट झेव्हियर्समध्ये. १८९६ च्या प्लेगात मुंबईतील गरिबांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. पुढील राजकारणाचे मूळ बहुधा तिथेच शोधावे लागेल. टाटांसाठी त्यांनी लोखंड-कोळशाच्या शोधात जंगले पालथी घातली आणि १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले.

तेथे ते १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. लंडनच्या कामगारवस्तीतून, बॅटरसी नॉर्थमधून, ते १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्याने निवडून आले. १९२३ मध्ये हरले, १९२४ मध्ये उघडपणे कम्युनिस्ट म्हणून पुन्हा जिंकले. दादाभाई नौरोजी व मंचरजी भावनगरी यांच्यानंतरचे ते तिसरे भारतीय खासदार. तिघेही पारशी, मुंबईशी निगडित, पण पक्ष मात्र तीन वेगळे.

१९२५ मध्ये आंतरसंसदीय परिषदेसाठी अमेरिकेला जाण्याचा त्यांचा परवाना अमेरिकी परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी रद्द केला. १९२६ च्या सार्वत्रिक संपात हाइड पार्कमधील भाषणाबद्दल त्यांना दोन महिन्यांचा तुरुंगवास झाला. १९२७ च्या भारतदौऱ्यात गांधीजींशी झालेला त्यांचा पत्रसंवाद आजही वाचण्याजोगा आहे : चरख्याऐवजी कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेवर भर द्यावा, हा त्यांचा कळकळीचा आग्रह. त्यानंतर त्यांना मायदेशी येण्यास बंदी झाली. त्याच वर्षी मुलांचा नवजोत (पारशी धर्मदीक्षाविधी) केल्याबद्दल पक्षानेही त्यांना फटकारले. १९२९ मध्ये ते पराभूत झाले. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.